पायची (π) नेमकी किंमत किती? मोजून, काढून आणि पारखून घ्यायची रीत

७ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ काढा. २२/७ घेतलं तर उत्तर येतं बरोबर १५४. ३.१४ घेतलं तर १५३.८६. कॅल्क्युलेटरवरचं पायचं बटण दाबलं तर १५३.९३८०४. वर्तुळ एक, सूत्र एक, आणि उत्तरं तीन. यातलं खरं कुठलं, असं शाळेत विचारलं तेव्हा "गणितात जी किंमत दिली असेल ती घ्यायची" एवढंच सांगण्यात आलं. परीक्षेपुरतं ते पुरलं, पण २२/७ हीच पायची खरी किंमत अशी समजूत पुढे कित्येक वर्षं माझ्या डोक्यात घट्ट बसून राहिली. बऱ्याच जणांची ती असते. ती स्वतःच्या हातांनी दुरुस्त करता येते. त्यासाठी कागदाची एक पट्टी, साधा कॅल्क्युलेटर आणि निवांत दुपार एवढं हाताशी हवं.

आधी पाय म्हणजे काय ते पक्कं करू

कुठल्याही वर्तुळाचा परीघ त्याच्या व्यासाच्या कितीपट असतो, तो आकडा म्हणजे पाय. वर्तुळ बांगडीएवढं असो की ग्रहाच्या कक्षेएवढं, हे गुणोत्तर बदलत नाही. कारण सगळी वर्तुळं एकमेकांच्या लहानमोठ्या प्रती आहेत. व्यास तिप्पट केला की परीघही तिप्पट होतो, भागाकार होता तिथेच राहतो. आयताचं असं नसतं. आयत लांबट असतो, बुटका असतो, प्रत्येकाचं गुणोत्तर वेगळं. वर्तुळाला मात्र एकच आकार आहे.

हा आकडा ३.१४१५९२६५३५८९७९३… असा सुरू होतो आणि संपत नाही, त्यात एखादा गट पुन्हापुन्हा येत राहतो असंही होत नाही. योहान लॅम्बर्ट यांनी १७६१ मध्ये सिद्ध केलं की पाय ही अपरिमेय संख्या आहे. म्हणजे अंश आणि छेद दोन्ही पूर्णांक असलेल्या कुठल्याच अपूर्णांकाइतकी ती नेमकी असू शकत नाही. २२/७ चा दावा इथेच निकालात निघतो. २२ ला ७ ने भागून पाहा: ३.१४२८५७१४२८५७… तिसऱ्याच दशांश स्थळी वाट वेगळी झाली, आणि पुढे १४२८५७ हाच गट फिरत राहिला.

इथे एक शंका हमखास येते, आणि ती रास्त आहे. पाय म्हणजे परीघ भागिले व्यास. मग तो अपूर्णांकच झाला की! अपरिमेय कसा? उत्तर असं की भागाकार आहे खरा, पण परीघ आणि व्यास हे दोन्ही एकाच मापात एकाच वेळी पूर्णांकात बसत नाहीत. व्यास नेमका १ मीटर घेतला तर परीघ कधीच नेमक्या मिलिमीटरांत, मायक्रोमीटरांत किंवा त्याहून बारीक कुठल्याही मापात पुरा बसणार नाही.

दुसरी शंका: वर्तुळ तर डोळ्यांसमोर पुरं दिसतंय, मग त्याची लांबी न संपणारी कशी? लांबी ठाम आहे. संपत नाही ते तिचं दशांशातलं लिखाण. १/३ लिहायला गेलं की ०.३३३३… असंच न संपणारं होतं, म्हणून काही तिसरा हिस्सा अनिश्चित ठरत नाही.

पहिली पायरी: स्वतः मोजून पाहा

साधारण २४ सेंटिमीटर व्यासाचं, न वाकणारं, गोल झाकण घ्या. आता परीघ मोजायला बहुतेक जण सुतळी गुंडाळतात. तसं करू नका. एक तर सुतळी ताणली जाते. दुसरं कारण फारसं कोणी सांगत नाही: सुतळीला स्वतःची जाडी असते. २ मिलिमीटर जाडीची सुतळी झाकणाभोवती गुंडाळली की तिचा मधला धागा झाकणाच्या कडेपासून १ मिलिमीटर बाहेरून फिरतो. म्हणजे तुम्ही २४ ऐवजी २४.२ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाचा परीघ मोजता. ७५.४ च्या जागी साधारण ७६ सेंटिमीटर भरतात, आणि त्याला २४ ने भागलं की पाय येतो ३.१६८. सुतळीने मोजलेला पाय बहुधा मोठा येतो, त्याचं मूळ इथे आहे.

त्यापेक्षा कागदाची अरुंद पट्टी कापा. झाकणाभोवती घट्ट गुंडाळा, दोन्ही टोकं थोडी एकमेकांवर येऊ द्या, आणि जिथे ती एकावर एक आहेत तिथे टाचणीने आरपार भोक पाडा. पट्टी उलगडून सपाट ठेवा. दोन भोकांमधलं अंतर म्हणजे परीघ. कागदाची जाडी जेमतेम ०.१ मिलिमीटर, त्यामुळे चूक होते ती फार तर ०.३ मिलिमीटरची.

व्यास मोजणं याहून अवघड असतं, कारण झाकणाचा मध्य कुठे खुणावलेला नसतो. झाकण एका भिंतीला टेकवून आडवं ठेवा, समोरच्या बाजूने एक जाड पुस्तक भिंतीला समांतर सरकवत आणून टेकवा आणि भिंत व पुस्तक यांच्यातलं अंतर मोजा. मध्य शोधायची गरजच उरत नाही. मग झाकण थोडं फिरवून पुन्हा मोजा, असं तीनदा करून सरासरी काढा. गोल म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तू किती कमी गोल असतात हे तेव्हाच कळतं.

समजा परीघ ७५.४ आणि व्यास २४.० आला. भागाकार ३.१४१७. पण इतक्यात हुरळून जाऊ नका. व्यासात १ मिलिमीटर इकडेतिकडे झालं असेल तर? ७५.४ भागिले २४.१ म्हणजे ३.१२९, आणि ७५.४ भागिले २३.९ म्हणजे ३.१५५. तुमच्या मापाने खरं तर एवढंच सांगितलं की पाय ३.१२९ आणि ३.१५५ यांच्यामध्ये कुठेतरी आहे. ३.१४ बरोबर की २२/७, हे या झाकणावरून ठरवायचं तर व्यास ०.२ मिलिमीटरपर्यंत बिनचूक मोजावा लागेल. फुटपट्टीचं ते काम नाही. पायचे पुढचे अंक मोजून कधीच मिळालेले नाहीत, ते विचार करून काढावे लागले.

दुसरी पायरी: आर्किमिडीजची चिमट्यात पकडायची युक्ती

इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने केलेला विचार मला आजही या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा वाटतो. वर्तुळाचा परीघ सरळ मोजता येत नाही, तर वर्तुळाच्या आत एक बहुभुज बसवू आणि बाहेरून एक. आतल्याची परिमिती परिघापेक्षा कमी, बाहेरच्याची जास्त. बाजू वाढवत गेलं की दोन्ही परिघाला दोन बाजूंनी घट्ट धरत येतात.

व्यास १ घेऊ, म्हणजे परीघ हाच पाय. आतल्या षटकोनाची प्रत्येक बाजू त्रिज्येएवढी, म्हणजे अर्धी. सहा बाजू मिळून ३. बाहेरच्या षटकोनाची परिमिती ३ च्या वर्गमुळाच्या दुप्पट, म्हणजे ३.४६४१०२. आता बाजू दुप्पट करायच्या. साध्या कॅल्क्युलेटरवर होणारी रीत अशी:

नवा बाहेरचा = २ × जुना बाहेरचा × जुना आतला ÷ (दोघांची बेरीज)

नवा आतला = (नवा बाहेरचा × जुना आतला) याचं वर्गमूळ

पहिली फेरी हाताने करून दाखवतो. २ × ३.४६४१०२ × ३ म्हणजे २०.७८४६१२. याला ६.४६४१०२ ने भागलं की ३.२१५३९०. हा बाहेरचा बारा बाजूंचा. आता ३.२१५३९० × ३ म्हणजे ९.६४६१७०, त्याचं वर्गमूळ ३.१०५८२९. हा आतला. असंच पुढे:

६ बाजू: ३.०००००० ते ३.४६४१०२
१२ बाजू: ३.१०५८२९ ते ३.२१५३९०
२४ बाजू: ३.१३२६२९ ते ३.१५९६६०
४८ बाजू: ३.१३९३५० ते ३.१४६०८६
९६ बाजू: ३.१४१०३२ ते ३.१४२७१५

आर्किमिडीज ९६ वर थांबला. दशांश पद्धत नसताना, वर्गमुळांसाठी अपूर्णांक शोधत शोधत, त्याने निष्कर्ष मांडला: पाय २२३/७१ पेक्षा मोठा आणि २२/७ पेक्षा लहान. म्हणजे २२/७ ला पायची किंमत म्हणून त्याने मांडलंच नव्हतं. ती कुंपणाची वरची बाजू होती. पाय त्याच्या आत आहे, एवढंच त्याचं म्हणणं. पुढच्या लोकांनी कुंपणालाच घर समजलं.

एक सूचना. काही ठिकाणी फक्त आतल्या बहुभुजाची बाजू वापरून, "४ वजा बाजूचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, ते २ मधून वजा, आणि उरेल त्याचं पुन्हा वर्गमूळ" असं सूत्र दिलेलं आढळतं. ते चुकीचं नाही, पण ८ अंकी कॅल्क्युलेटरवर दहाएक वेळा बाजू दुप्पट केल्या की उत्तर बिघडतं आणि थोडं पुढे गेलं की शून्य येतं. जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी केली की कामाचे अंक निघून जातात आणि गाळ उरतो. वर दिलेल्या रीतीत वजाबाकीच नाही, म्हणून ती टिकते.

आता ९६ बाजूंची ओळ नीट पाहा. आतला पायपेक्षा ०.०००५६१ ने कमी आहे, बाहेरचा ०.००११२२ ने जास्त. बरोबर दुप्पट! मग सरळ सरासरी घेण्याऐवजी आतला दोनदा आणि बाहेरचा एकदा घेऊन ३ ने भागू: ३.१४१०३२ × २ + ३.१४२७१५ = ९.४२४७७९, भागिले ३ म्हणजे ३.१४१५९३. त्याच मेहनतीत सहा दशांश स्थळं हातात आली. सतराव्या शतकात ख्रिस्तियान हायगेन्स यांनी या वाटणीमागची सिद्धता दिली. बारा बाजूंच्या ओळीवर करून पाहा, तिथेसुद्धा ३.१४२३४९ मिळतं.

तिसरी पायरी: २२/७ आणि ३५५/११३ येतात कुठून?

यासाठी फक्त वजाबाकी आणि १ भागिले हे बटण लागतं. पायमधून ३ वजा करा: ०.१४१५९२६५. याने १ ला भागा: ७.०६२५१३३. म्हणजे ३ च्या पुढचा तुकडा साधारण सातवा हिस्सा आहे. ३ अधिक १/७ म्हणजे २२/७. आला की नाही?

थांबू नका. ७.०६२५१३३ मधून ७ काढा, उरलेल्या ०.०६२५१३३ ने १ ला भागा: १५.९९६५९४. हे १६ च्या अगदी अंगाला अंग लावून आहे. म्हणून ७ च्या जागी "७ अधिक १/१६" घ्या, म्हणजे ११३/१६. तेव्हा पाय झाला ३ अधिक १६/११३, म्हणजेच ३५५/११३. दशांशात ३.१४१५९२९२. सहा दशांश स्थळं बरोबर, तीही तीन अंकी छेदात! चीनमध्ये त्सू छुंगची यांनी पाचव्या शतकात हा अपूर्णांक दिला होता. १५.९९६५९४ हे १६ च्या इतकं जवळ आलं हीच याची मेख आहे. जिथे टाकून दिलेला भाग नगण्य असतो, तिथे अपूर्णांक आपल्या छेदाच्या मानाने खूपच सरस निघतो. ३५५/११३ पेक्षा पायच्या जवळ जाणारा अपूर्णांक हवा असेल तर छेद थेट १६,६०४ पर्यंत न्यावा लागतो.

लक्षात ठेवायला सोपं: ११३३५५ असे जोडीजोडीने अंक लिहा, मधोमध तोडा, पहिला भाग छेदात आणि दुसरा अंशात.

२२/७ ला कमी लेखायचं कारण नाही. छेद ५७ होईपर्यंत त्याच्याहून जवळचा अपूर्णांक सापडत नाही. शिवाय तोंडी हिशेबाला त्याच्यासारखा दुसरा नाही: परीघ म्हणजे व्यासाची तिप्पट आणि वर व्यासाचा सातवा हिस्सा. व्यास ३५, तर १०५ आणि ५, मिळून ११०. खरं उत्तर १०९.९५६.

आर्यभट, भास्कराचार्य, माधव: आसन्न हा शब्द विसरू नका

आर्यभटांनी इ. स. ४९९ मध्ये दिलेली रीत अशी: १०० मध्ये ४ मिळवा, ८ ने गुणा, त्यात ६२,००० मिळवा, हा २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ. हिशेब करा: १०४ × ८ = ८३२, अधिक ६२,००० म्हणजे ६२,८३२. भागिले २०,००० म्हणजे ३.१४१६. याहून मोलाचा मला त्या श्लोकातला एक शब्द वाटतो. परीघ "आसन्न" आहे, असं ते म्हणतात. आसन्न म्हणजे जवळ बसलेला. ही किंमत पोचलेली नाही, जवळ आलेली आहे, हे त्यांनी किंमत देतानाच सांगून टाकलं.

त्यानंतर ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये १० चं वर्गमूळ, म्हणजे ३.१६२३, वापरलं, वर्ग करताना सोयीचं, पण अचूकतेत आर्यभटांच्या बरंच मागे.

भास्कराचार्यांनी लीलावतीत (इ. स. ११५०) दोन किंमती शेजारी शेजारी दिल्या आहेत. पहिली "भनन्दाग्नि" भागिले "खबाणसूर्य". हे शब्दांत लपवलेले आकडे आहेत. भ म्हणजे नक्षत्रं, २७. नंद ९. अग्नी ३. आकडे उजवीकडून डावीकडे मांडायचे: ३, ९, २७, म्हणजे ३९२७. ख म्हणजे आकाश, शून्य. बाण ५. सूर्य १२. तेही उलट मांडले की १२५०. ३९२७/१२५० म्हणजे पुन्हा ३.१४१६, आर्यभटांच्या दोन्ही आकड्यांना १६ ने भागा, हेच मिळतील. या किमतीला भास्कराचार्य "सूक्ष्म" म्हणतात. आणि दुसरी २२/७, तिला "स्थूल" आणि "व्यवहारयोग्य". शाळेत माझ्या प्रश्नाचं जे उत्तर हवं होतं, ते या दोन विशेषणांत आहे.

सगळ्यात मोठी झेप घेतली ती केरळातल्या संगमग्रामच्या माधवांनी, चौदाव्या-पंधराव्या शतकात. त्यांनी बहुभुज सोडला आणि न संपणारी मालिका हाती घेतली:

पाय = ४ − ४/३ + ४/५ − ४/७ + ४/९ − …

युरोपात हीच मालिका सतराव्या शतकात ग्रेगरी आणि लायब्निझ यांच्या नावाने पुढे आली. दिसायला सुंदर, पण चालीने अतिशय मंद. हजार पदांची बेरीज केली तर ३.१४०५९२६५३… येते. पाहा कसं गंमतशीर आहे, फक्त तिसरा दशांश अंक चुकलेला, पुढचे कितीतरी बरोबर! म्हणजे राहिलेल्या चुकीला शिस्त आहे. माधवांच्या परंपरेने ती शिस्त ओळखली आणि बेरीज अर्धवट सोडताना करायची दुरुस्ती शोधली. पदांची संख्या जितकी, तिला ४ ने गुणा. मग पदांच्या संख्येच्या वर्गाची चौपट अधिक १, याने भागा. शेवटचं पद मिळवलेलं असेल तर ही दुरुस्ती वजा करा, वजा केलेलं असेल तर मिळवा.

पाच पदं घेऊन करू. ४ − १.३३३३३३ = २.६६६६६७. अधिक ०.८ म्हणजे ३.४६६६६७. वजा ०.५७१४२९ म्हणजे २.८९५२३८. अधिक ०.४४४४४४ म्हणजे ३.३३९६८२. पायच्या कुठेही जवळ नाही. आता दुरुस्ती: ५ × ४ = २०; ५ चा वर्ग २५, त्याची चौपट १००, अधिक १ म्हणजे १०१. २०/१०१ = ०.१९८०२०. शेवटचं पद मिळवलं होतं, म्हणून वजा: ३.१४१६६२. पाच पदांत! दहा पदांनी हेच केलं की ३.१४१५९०. ही वजाबाकी पहिल्यांदा कागदावर केली तेव्हा मी पेन खाली ठेवून त्या आकड्याकडे नुसता बघत बसलो होतो.

माधवांनी ९ निखर्व (९ वर अकरा शून्यं) व्यासाला दिलेला परीघ पायला अकराव्या दशांश स्थळापर्यंत नेतो: ३.१४१५९२६५३५९.

पुढचा इतिहास मुख्यतः अंकांच्या शर्यतीचा. विल्यम जोन्स यांनी १७०६ मध्ये π हे चिन्ह या अर्थाने वापरलं, ऑयलर यांच्यामुळे ते रुळलं. त्याच १७०६ साली जॉन मचिन यांनी १०० अंक काढले. विल्यम शँक्स यांनी आयुष्याची कित्येक वर्षं घालून १८७३ पर्यंत हाताने ७०७ अंक काढले. त्यातला ५२८ वा अंक चुकला होता आणि त्यापुढचं सगळं वाया गेलं. हे कळलं १९४० च्या दशकात, शँक्स गेल्यानंतर खूप वर्षांनी.

फार छान उत्तर आलं तर आधी शंका घ्या

समांतर रेघांवर सुई टाकत राहायची, ती रेघेला किती वेळा छेदते ते मोजायचं आणि त्यावरून पाय काढायचा, असा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. गणित बरोबर आहे, पण सुईच्या भरवशावर अंक मिळवायला जाऊ नका. अचूकता दुप्पट करायला चौपट वेळा सुई टाकावी लागते. १९०१ मध्ये मारिओ लाझारिनी यांनी ३,४०८ वेळा सुई टाकून ३.१४१५९२९ मिळाल्याचं जाहीर केलं. आकडा ओळखीचा वाटतो? तो ३५५/११३ आहे. सुई १,८०८ वेळा रेघेला छेदली, असं त्यांनी सांगितलं. तिथे १,८०९ वेळा छेदली असती तर उत्तर ३.१३९९ आलं असतं. इतक्या फेकींत ०.०५ च्या आसपास चूक होणं अपेक्षित असताना सहा दशांश स्थळं जुळणं हे नशिबापेक्षा आधी ठरवून थांबण्याचं लक्षण आहे.

चौथी पायरी: कुठल्या कामाला कुठली किंमत

इथे प्रश्न उलटा विचारायचा: या कामात किती चूक चालेल?

१ मीटर व्यासाच्या वर्तुळाचा परीघ २२/७ ने काढला तर १.३ मिलिमीटर जास्त येतो, ३.१४ ने काढला तर १.६ मिलिमीटर कमी. म्हणजे या दोघांत २२/७ थोडं सरस, पण मुख्य फरक दिशेचा आहे. वर्तुळाभोवती पट्टी लावायची असेल, कापड किंवा पत्रा कापायचा असेल, तर २२/७ घ्या. थोडं उरलेलं परवडतं, कमी पडलेलं परवडत नाही.

३.१४१६ घेतलं की १ किलोमीटर व्यासाला ७ मिलिमीटरची चूक. कागदावरच्या जवळजवळ सगळ्या कामांना ही किंमत पुरते. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर धरून परीघ काढा: २२/७ ने १६ किलोमीटर जास्त येतो, ३.१४१६ ने ९४ मीटर, आणि ३५५/११३ ने अवघा ३.४ मीटर. अवकाशयानांच्या हिशेबासाठी नासा १५ दशांश स्थळं वापरते. ४८ अब्ज किलोमीटर व्यासाचं वर्तुळ कल्पा. तेवढ्या अंकांनी त्याच्या परिघात होणारी चूक साधारण १ सेंटिमीटर.

परिघावरून व्यास हवा असेल, उदाहरणार्थ झाडाचं खोड, खांब किंवा नळ, तर भागत बसू नका, ०.३१८३ ने गुणा. खोडाचा घेर २ मीटर असेल तर व्यास ६३.७ सेंटिमीटर. नळासारख्या बारीक वस्तूला पट्टी दहा वेढे गुंडाळून मोजायचा मोह होतो. पण जाडीची चूक प्रत्येक वेढ्याला वाढते हे सुतळीवरून आठवा.

आणि हिशेब लांबलचक असेल तर पाय मध्येच कापू नका. कॅल्क्युलेटरचं बटण वापरा, अधल्यामधल्या उत्तरांचे सगळे अंक तसेच पुढे न्या आणि शेवटी एकदाच पूर्णांकन करा. प्रत्येक टप्प्यावर ३.१४ वापरून दोन अंकांवर तोडत गेलं की चुका एकावर एक चढतात.

उत्तरात किती अंक लिहायचे हे पाय ठरवत नाही, तुमचं माप ठरवतं. क्षेत्रफळात त्रिज्येचा वर्ग येतो, म्हणून त्रिज्येतली चूक उत्तरात दुप्पट टक्क्यांनी उतरते. त्रिज्या १०० मिलिमीटर आणि चूक १ मिलिमीटर, तर क्षेत्रफळात २ टक्के. २२/७ ची चूक आहे ०.०४ टक्के, त्या २ टक्क्यांपुढे ती कुठे दिसतही नाही.

एक शेवटचं उदाहरण. फुटपट्टीने त्रिज्या १२.५ सेंटिमीटर भरली, अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे धरून. वर्ग १५६.२५. पायच्या बटणाने क्षेत्रफळ ४९०.८७, २२/७ ने ४९१.०७, ३.१४ ने ४९०.६३ चौरस सेंटिमीटर. मापातली चूक ०.८ टक्के, म्हणजे जवळपास ४ चौरस सेंटिमीटर. प्रत्येक उत्तर जवळच्या पूर्णांकापर्यंत आणा. तिन्ही वाटांनी उत्तर एकच येतं: ४९१, आणि त्यातही ४ मागेपुढे.